तार कोणाची?

देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्यात वीज गेली की जुनी माणसं अजून वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडतात. मंडळाचा कारभार २००५ च्या जूनमध्येच कंपन्यांकडे गेला. बिल येतं इंदूरच्या पश्चिम क्षेत्र वितरण कंपनीचं. राज्यातल्या मोठ्या लाईनी, गव्हात पाय रोवून उभे टॉवर, जबलपूरच्या पारेषण कंपनीचे. राज्याची हद्द ओलांडली की बहुधा केंद्राची पॉवरग्रिड. देवास जिल्ह्याला एवढ्या मालकांचं नवल नसावं. थोरल्या आणि धाकट्या पातीच्या पवारांनी इथे एकाच शहरात दोन राज्यं चालवली.

वीज सरकारी की खासगी, केंद्राची की प्रांतांची, हा प्रश्न मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९४३ मध्येच मांडला होता. घटनेने वीज समवर्ती सूचीत, ३८ व्या नोंदीत ठेवली. कायदा दोघांनीही करावा. खटका उडाला तर कलम २५४ प्रमाणे सहसा केंद्राची सरशी. पण १९४८ च्या कायद्याने मंडळं आली, मुंबईतल्या टाटांसारखे अपवाद सोडता राज्यांतल्या तारा सरकारीच राहिल्या, आणि भांडायला कोणी उरलं नाही. पारेषण खासगी कंपन्यांना खुलं झालं १९९८ मध्ये. पुढे २००३ चा वीज कायदा आला. मध्य प्रदेशाचा २००० चा स्वतःचा सुधारणा कायदा त्याच्याशी विसंगत नसेल तेवढाच उरला.

या २००३ च्या कायद्यावरचा खरा खटला मुंबईचा. १२ ऑक्टोबर २०२० ला शहर अंधारात बुडालं. पुढच्या वर्षी महाराष्ट्राच्या वीज नियामक आयोगाने शहरात वीज आणणाऱ्या आरे-कुडूस या १००० मेगावॉटच्या वाहिनीचा परवाना स्पर्धात्मक बोलीविना अदानींच्या कंपनीला दिला. टाटा पॉवर सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २३ नोव्हेंबर २०२२ ला हरली. कायद्याच्या कलम ६३ ची बोली सक्तीची नाही, राज्यांतर्गत पारेषणात राज्याला मोकळीक आहे, असा निकाल. त्याच वर्षी अमेरिकेत अपील न्यायालयाने टेक्सासला काहीसं उलट सुनावलं होतं: नवी लाईन जुन्या मालकांनीच बांधावी हा कायदा आंतरराज्य व्यापारात भेदभाव करतो.

मोकळीक मला मान्य आहे, बोली टाळणं नाही. तारेचा खर्च शेवटी बिलातच उतरतो. दर ठरवण्याआधी भोपाळच्या वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात. दरांची पुढची नोटीस निघाली की मंडळाला शिव्या घालण्याऐवजी एक कागद भोपाळला धाडा.