गोळीआधी उपवास विचारणारा यंत्रमानव

मुले पुण्या-मुंबईत, वर्धा जिल्ह्यातल्या घरी आजी-आजोबा दोघेच. सोबतीला यंत्रमानव आला तर?

युरोपीय संघ आणि जपानच्या ‘केअरेसेस’ प्रकल्पात (२०१७-२०) ‘पेपर’ या यंत्रमानवाला ज्येष्ठांची संस्कृती ओळखून बोलायला शिकवले गेले. त्यात भारतीय संस्कृतीही होती.

इथे त्याला वऱ्हाडी वळणाची बोली कळायला हवी. चतुर्थीला उपाशीपोटी मधुमेहाच्या काही गोळ्या घेतल्यास रक्तातील साखर धोकादायकरीत्या घसरू शकते. म्हणून ‘गोळी घ्या’ म्हणण्याआधी ‘आजी, आज उपास हाय का?’ हे विचारायला हवे. असल्यास डॉक्टरांना फोन लावून द्यायला हवा.

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिबिरासाठी गावात राहतात. यंत्रमानव घडवणाऱ्यांनीही आधी तेच करावे.