उपसा योजनेच्या मुख्य नळावरील नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह

नदीकांठच्या सहकारी उपसा योजनांचीं अंदाजपत्रकें आम्हीं अनेकदां चाळलीं आहेत. त्यांत पंप व मोटर यांवर पानेंच्या पानें खर्ची पडतात. पण पंपाच्या तोंडाशीं बसणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हाकरितां ‘नळाच्या मापाचा, एक नग’ एवढीच ओळ आढळते. ज्याच्या चुकीनें मुख्य नळ फुटून पंपगृहांत पाणी भरतें, त्या वस्तूची निवड इतक्या थोडक्यांत उरकावी हें आम्हांस योग्य वाटत नाहीं. योजना बंद पडली तरी कर्ज बंद पडत नाहीं. सभासदांच्या सातबारावर इतर हक्कांत चढलेला बोजा तसाच राहतो, हें महसूल खात्यांतील नोकरींत आम्हीं पुष्कळ गांवीं पाहिलें आहे.

वीज गेली म्हणजे काय घडतें तें प्रथम ध्यानांत घ्यावें. पंप थांबला तरी नळांतील पाणी आपल्या वेगानें क्षणभर वर चढत राहतें, मग मंदावतें, थबकतें आणि उताराकडे उलटें धांवूं लागतें. थबकण्याच्या क्षणींच झडप मिटली तर आवाजही होत नाहीं. ती मागें राहिली तर उलटें धांवणारें पाणी तिला आपटून मिटवितें, आणि त्याचा वेग एकदम शून्य होतो. अशा वेळीं दाब किती वाढतो याचें गणित रशियांतील झुकोव्स्की यांनीं १८९८ सालीं प्रसिद्ध केलें. पोलादी नळांत सेकंदास १ मीटर वेगाचें पाणी अकस्मात् थांबलें, तर सुमारें १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरास १० किलो, दाब मूळच्या दाबावर चढतो. उपसा ६० मीटरांचा आणि नळ १०० मीटर दाबाचा असेल, तर निकाल सांगावयास नको.

एकाच नळांत तीन-चार पंप पाणी ढकलीत असतील तेथें काळजी अधिक. एक बंद पडला कीं शेजारचे चालू पंप त्याच्या वाटेनें पाणी तत्काळ मागें लोटतात.

बाजारांत परिचित तो बिजागरीच्या एका झडपेचा व्हॉल्व्ह. तो स्वस्त, दुरुस्तीस सोपा आणि गढूळ पाणी सोसणारा आहे. पण मिटतांना झडपेस मोठा कंस फिरावा लागतो, आणि मोठ्या मापांत ती फार जड होते. म्हणून मोठ्या व्यासास अनेक लहान झडपांचा प्रकार काढला आहे. भारतीय मानक ५३१२ चा पहिला भाग एका झडपेचा व दुसरा अनेक झडपांचा. स्प्रिंगवर मिटणारा दोन अर्धचकत्यांचा ‘ड्युअल प्लेट’ त्वरित मिटतो, मात्र स्प्रिंग बदलण्यास सारा व्हॉल्व्ह नळांतून काढावा लागतो. ‘नोझल’ प्रकार सर्वांत चपळ, तसाच महाग. एका पंपाच्या साध्या योजनेस बिजागरीचा पुरेल. जोडपंपांस शेवटच्या दोहोंपैकीं एक घ्यावा, असें आमचें मत आहे. तेथें काटकसर नको.

व्हॉल्व्ह जितका मोठा तितका टिकाऊ, असा सभासदांत एक भ्रम आहे. घडतें उलटें. मोठ्या व्हॉल्व्हांतून पाणी मंद वाहिलें तर झडप पुरी उघडून टेकत नाहीं. ती दिवसरात्र फडफडते, आणि बिजागरीची पिन व तिचीं भोंकें झिजून जातात. (हे झिजलेले व्हॉल्व्ह ‘खराब माल’ म्हणून परत पाठविले जातात!) तेव्हां योजनेच्या प्रत्यक्ष पाण्यावर झडप पूर्ण उघडी राहील काय, हें कारखानदारास लेखी विचारावें. पंपास किंवा बेंडास खेटून बसविल्यासही हीच फडफड होते. मध्यें व्यासाच्या निदान पांचपट लांबीचा सरळ नळ ठेवावा.

अंग बिडाचें चालेल. बैठकीच्या कड्या गनमेटलच्या आणि पिन स्टेनलेस पोलादाची असावी. अंगाची चाचणी नेमल्या दाबाच्या दीडपट दाबानें झाल्याचा दाखला मागावा. बाहेर वजनाचा दांडा असल्यास झडप हलते कीं अडकली तें पंपचालकास डोळ्यांनीं दिसतें.

दर हंगामाच्या आरंभीं बाकीचे पंप चालू ठेवून एकेक पंप बंद करावा आणि त्याचा आंस पाहावा. तो उलटा फिरत राहिला तर झडप नीट बसत नाहीं असें समजावें. उलट्या फिरणाऱ्या पंपाची मोटर चालू केल्यास आंस मोडण्याचें भय असतें. म्हणून फिरणें थांबेपर्यंत चालकानें स्टार्टरास हात लावूं नये, अशी पाटी पंपगृहांत लावून घ्यावी.