नाहरकत

कासारवाडीला नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलाखाली भोसरी-चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या जेथे क्षणभर थबकतात, तेथून हाकेच्या अंतरावरच्या एका मोबाइलच्या दुकानात मी शिरलो तो दारावरच्या पाटीमुळे : ‘कंपनीचा नंबर स्वतःच्या नावावर करून मिळेल’. जमीन, घर, फार तर मोटार एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर चढते, हे ठाऊक होते. परंतु ज्या दहा अंकांना चतुःसीमा नाही, त्यांचाही तलाठ्याच्या दप्तरातल्यासारखा फेरफार व्हावा, आणि त्यासाठी पाटी रंगवून घेण्याइतकी गिऱ्हाइके असावीत, याचे कुतूहल वाटले.

आतल्या बाकावर एक पोरगा डोळ्याला भिंग लावून सोल्डरिंग करत होता आणि तापलेल्या फ्लक्सचा गोडसर, घशाला खवखव लावणारा धूर गल्ल्यापर्यंत येत होता. गल्ल्यासमोर एक निवृत्त गृहस्थ प्लास्टिकच्या पाकिटात जपून आणलेले पत्र घेऊन उभे होते. चाकणच्या एका कारखान्यात ते देखभाल खात्यात होते. यंत्र बंद पडले की अपरात्रीही बोलावणे पोहोचावे, म्हणून कंपनीने त्यांना हा नंबर दिला होता. पुढे त्याच नंबराला बँकेचे खाते, गॅस, आधार, मुलीच्या महाविद्यालयाचे निरोप असे सारे चिकटत गेले, आणि मालकी मात्र शेवटपर्यंत कंपनीचीच राहिली. २० जानेवारी २०११ रोजी नंबर-पोर्टेबिलिटी देशभर लागू झाली तेव्हापासून नंबर ग्राहकाचा, असे आपण बिनदिक्कत मानत आलो. परंतु ग्राहक म्हणजे ज्याच्या नावाने अर्ज दाखल आहे तो, मग फोन कोणाच्या का कानाला असेना. कंपनीच्या अधिकृत स्वाक्षरीचे पत्र नसेल तर असा नंबर पोर्टही होत नाही, आणि हस्तांतराचा अर्ज प्रलंबित असेतोवर तर तो मार्ग बंदच. म्हणून ते नाहरकत पत्र, खाली सही आणि गोल शिक्का. ते मिळवायला या काकांना मनुष्यबळ खात्याच्या बऱ्याच विनवण्या कराव्या लागल्या होत्या.

पुढची कार्यवाही थोडक्यात आटपते : पत्राची प्रत चढवायची, जुन्या देयकाची बाकी शून्य असल्याची खातरजमा करायची, ओटीपी सांगायचा, फोटो काढायचा, बोटाचा ठसा द्यायचा. १ जानेवारी २०२४ पासून कागदी अर्ज बंद झाले, त्यामुळे सारा व्यवहार दुकानदाराच्या हातातल्या पडद्यावर होतो. अडले ते एकाच ठिकाणी. तीस-पस्तीस वर्षे तेल, कूलंट आणि लोखंडाचा कीस यांत घासून गुळगुळीत झालेल्या त्या बोटांचा ठसा यंत्राला ओळखताच येईना. अंगठा, तर्जनी, पुन्हा अंगठा. दुकानदाराने ओला रुमाल दिला, मग कोरडा दिला. काकांनी बोटे विजारीला पुसली आणि एखादे बिघडलेले यंत्र न्याहाळावे तशा शांत नजरेने त्या चिमुकल्या काचेकडे पाहिले. ज्या श्रमाने तो नंबर मिळाला, त्याच श्रमाने तो स्वतःच्या नावावर करून घेण्याचा पुरावा पुसून टाकला होता. यात अन्याय कोणाचा, हे मला सांगता येणार नाही, पण त्या यंत्राविषयी माझ्या मनात काही आदर उरला नाही. अखेर डाव्या हाताची करंगळी उपयोगी पडली.

“काका, एक सांगतो,” दुकानदार म्हणाला, “नंबर येईल, प्लॅन नाही यायचा. तो कंपनीच्या करारातला. तुम्हाला साधा प्लॅन. दिवसाचे दोन जीबी, ते संपले की चौसष्ट.”

“चौसष्ट काय?”

“स्पीड. चौसष्ट केबीपीएस. नेट चालू राहतं, पण चालत नाही.”

काकांचा चेहरा प्रथमच उतरला. खरी आस नंबराची नव्हतीच. घरी मुलगी त्याच फोनच्या हॉटस्पॉटवर स्पर्धा परीक्षेची व्याख्याने पाहत असे, आणि कंपनीच्या करारात डेटाला मोजमाप नव्हते. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ अवतरले आणि डेटा पाण्यासारखा वाहू लागला, तेव्हा लागलेली सवय. ३ जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अमर्याद फाइव्ह-जी दिवसाला दोन जीबी वा त्याहून वरच्या प्लॅनवरच उरले, आणि ते उपभोगायचे तर फोनही तसा हवा. काकांचा फोन फोर-जी. चौसष्ट कलांचे कौतुक असलेल्या देशात या चौसष्टाने व्याख्यात्याचे तोंड उघडे ठेवून त्याला गोठवावे, ही गंमत मला सुचली खरी, पण तिथे उच्चारण्याजोगी नव्हती. “चौसष्ट,” काका पुटपुटले, आणि मग त्यांनी विचारले, “दोन जीबी पुन्हा कधी भरतात?”

“रात्री बाराला.”

“बारा ते पहाटे पाच पाहिलं तर दिवसाचं उरेल का?”

“पाच तासांत दोन जीबी पुरणार नाहीत काका. क्वालिटी कमी ठेवा, मग पुरतील.”

काकांनी पत्राचे पाकीट खिशात घातले, पैसे मोजून दिले आणि म्हणाले, “मग घरात तिसरी पाळी लावू. मला सवय आहे, तिला लागेल.” दुकानदाराने पुढच्या गिऱ्हाइकाकडे हात केला, त्याच्याकडे शिक्का होता, सही नव्हती.