कोळंबीची सालं, जपानचं जातं आणि काचेसारखा खेकडा

रविवारी घरी कोळंबी आली की पुढचा सीन ठरलेला. आई किंवा आजी परात घेऊन सोलायला बसते, डोकी आणि सालं जुन्या पेपरात (कदाचित याच पुरवणीत!) गुंडाळली जातात आणि तुमच्या नावाने फर्मान सुटतं, 'आत्ताच्या आत्ता खाली टाकून ये, वास सुटेल.' तुम्ही नाक दाबून जाता, टाकता, विसरता. त्या पुडक्यात वजनाने जवळजवळ अर्धी कोळंबी असते, हे आपल्या लक्षातही येत नाही. (मासे न खाणाऱ्यांनो, पान उलटू नका. ही गोष्ट खाण्याची नाहीये.)

त्या सालात असतं तरी काय? ढोबळमानाने तीन गोष्टी: प्रथिनं, खडूमध्ये असतं तेच कॅल्शियम कार्बोनेट आणि कायटिन. कायटिन म्हणजे लांबलचक साखळ्यांचा नैसर्गिक पॉलिमर, झाडातल्या सेल्युलोजचा सख्खा भाऊच म्हणा. स्लॅब घालताना आधी सळ्यांची जाळी बांधतात आणि मग वरून काँक्रीट ओततात, बघितलंय ना? खेकड्याच्या कवचात सळ्यांचं काम कायटिनचे धागे करतात आणि काँक्रीटचं काम कॅल्शियम. फरक एवढाच की या सळ्या नॅनोमीटरमध्ये मोजाव्या लागतात.

या सळ्या सुट्या काढायच्या कशा, यावर जपानच्या तोत्तोरी विद्यापीठात शिन्सुके इफुकू यांच्या गटाने काम केलं. तोत्तोरी हा खेकड्यांसाठी प्रसिद्ध प्रांत, त्यामुळे कवचांचा ढीग दाराशीच. २००९ मध्ये त्यांनी १० ते २० नॅनोमीटर जाडीचे, एकसारखे कायटिनचे धागे काढून दाखवले. तुमचा एक केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. म्हणजे असे चार हजार धागे शेजारी शेजारी ठेवले, तर कुठे एका केसाची रुंदी भरेल.

आणि यंत्र कुठलं, माहितीय? चक्क जातं! दोन गोल चकत्या, एक स्थिर, दुसरी फिरणारी, मधून ओला लगदा जातो. अर्थात वेग आणि अचूकता आजीच्या जात्याची नाही. पण मला जास्त आवडलेली युक्ती पुढची आहे. कायटिन एकदा वाळलं की धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, मग दळून दळून यंत्र थकतं. या गटाने दळताना लगद्यात थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड घातलं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. आम्लात कायटिनवरच्या अमिनो गटांना धन प्रभार मिळतो. धन-धन एकमेकांना ढकलतात, बारावीला घोकलंय आपण. धागे स्वतःच एकमेकांपासून दूर सरकतात आणि जात्याचं काम सोपं होतं.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण कायटिन पाण्यात विरघळत नाही आणि जे विरघळत नाही त्याचा लेप, फिल्म किंवा जेल बनवणं महाकठीण. आजवरचा उपाय म्हणजे तीव्र कॉस्टिक सोड्यात उकळून त्याचं कायटोसान करायचं, ते सौम्य आम्लात विरघळतं. नॅनोधागे मात्र न विरघळताही पाण्यात इतके छान पसरतात की विरघळल्यासारखेच वापरता येतात.

धागे इतके बारीक असल्याचा पुरावा डोळ्यांनी बघायचाय? क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी अख्खा खेकडा घेतला. आम्लाने कॅल्शियम काढलं, अल्कलीने प्रथिनं, अल्कोहोलने रंग. उरला नुसता कायटिनचा सांगाडा, आकार तोच, नांग्यांसकट. त्यात त्यांनी अ‍ॅक्रिलिक रेझिन मुरवलं आणि खेकडा काचेसारखा पारदर्शक झाला! दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. धागे त्याहून कितीतरी बारीक आणि रेझिनचा अपवर्तनांक त्यांच्याशी जुळणारा, त्यामुळे प्रकाश वाटेत फारसा अडखळत नाही. मग त्यांनी कवचांची पूड वापरून तशीच पारदर्शक शीटही बनवली.

पहिली पायरी तुम्ही घरीही करू शकता. खेकड्याच्या नांगीचा तुकडा व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे येतील, तो कार्बन डायऑक्साइड. एक-दोन दिवसांनी तुकडा काढून बघा, कडकपणा गेलेला असेल. आईला मात्र आधी सांगून ठेवा.

आता थोडं थांबूया. 'सस्टेनेबल' शब्द दिसला की आपण लगेच लाइक ठोकतो. पण वर मी सहज लिहून गेलो, आम्लाने हे काढलं, अल्कलीने ते काढलं. हे आम्ल म्हणजे कारखान्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि अल्कली म्हणजे कॉस्टिक सोडा. वर धुण्यासाठी पाणी. २०१५ मध्ये सिंगापूरच्या निंग यान आणि शी चेन यांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की, कोळंबीच्या सालापासून एक किलो कायटोसान करायला एक टनाहून जास्त पाणी लागतं. शिवाय निघालेली प्रथिनं आणि कॅल्शियम बहुतेकदा सांडपाण्यात जातात. म्हणजे समुद्राचा कचरा वाचवला आणि नदी घाण केली, असला हा हिशोब. तो खाडीकाठच्या कुणाच्या तरी अंगावर येणारच. नॅनोधाग्यांत तीव्र सोड्याची शेवटची पायरी वाचते, पण आधीच्या दोन पायऱ्या उरतातच.

त्यामुळे मला खरी मजा तिथे वाटते जिथे लोक या पायऱ्याच बदलू बघताहेत. एक वाट आपल्या ओळखीची आहे: आंबवणं. दह्यातल्या जिवाणूंचे भाऊबंद सालांवर सोडले की त्यांचं लॅक्टिक अ‍ॅसिड कॅल्शियम विरघळवतं, एन्झाइम्स प्रथिनं तोडतात आणि निघालेला रस पशुखाद्यात वापरता येतो. वेळ जास्त लागतो, कायटिन तितकं शुद्ध मिळत नाही. ही अडचण सोडवणाऱ्याची जागा रिकामी आहे.

उपयोगांची यादी लांब आहे, दोनच सांगतो. रक्त थांबवणाऱ्या कायटोसानच्या पट्ट्या अमेरिकी सैन्याने इराक-अफगाणिस्तानात वापरल्या. धन प्रभाराचं कायटोसान ऋण प्रभाराच्या लाल पेशींना ओढून गुठळी करतं. आणि २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठाने कायटोसानचं इलेक्ट्रोलाइट असलेली झिंक बॅटरी दाखवली. हे इलेक्ट्रोलाइट साधारण पाच महिन्यांत मातीत कुजून जातं.

आता आपल्याकडे या. २०२३-२४ मध्ये भारताने ७ लाख टनांहून जास्त गोठवलेली कोळंबी निर्यात केली. त्यातल्या सोललेल्या मालाची सालं इथेच राहिली. ससून डॉकला पहाटे जा, ओळीने बसलेल्या बायका बर्फगार कोळंबी सोलताना दिसतील, मजुरी सोललेल्या मालावर. सालाला किंमत नाही. कारण सोपं आहे, आपल्या हवेत ते काही तासांत सडू लागतं आणि बाजारात ते टोपली-टोपलीने विखुरलेलं असतं. म्हणून प्रश्न नॅनोच्या आधी बर्फाचा, वाळवण्याचा आणि टेम्पोचा आहे. इंजिनीअरिंग आणि कॉमर्सवाल्यांनो, ही ओळ तुमच्यासाठी.

कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कायटिन-कायटोसानवर बरीच वर्षं काम केलंय, रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधत असाल तर तिथल्या प्राध्यापकांना एक मेल टाकून बघा. आणि सालं हवी असतील तर बाजारातल्या मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, बर्फाचा डबा घेऊन सकाळी सातच्या आत पोहोचा. दहा वाजता गेलात तर तुम्हाला लॅबमध्येच काय, लोकलमध्येही कोणी घेणार नाही.