बिऱ्हाड कोठें करावें?

मुंबईंत नोकरी आणि मुंबईबाहेर बिऱ्हाड, असा संसार ठाणें, डोंबिवली व कल्याण या तीन शहरांत कित्येक पिढ्या चालत आला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली. पुढच्याच वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, लोहमार्ग कल्याणास पोंचला. तेव्हांपासून येथील अंतर कोसांनीं मोजण्याची रीत मागें पडून घड्याळानें मोजण्याची रीत रूढ झाली. तरीहि भाड्याचें घर शोधावयास निघालेलें कुटुंब अजून आधीं नकाशाच पाहतें, आणि पहिली चूक तेथेंच होते.

छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणें सुमारें ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ व कल्याण ५४ किलोमीटर दूर आहे. जलद गाडीस ठाण्याहून पाऊण तास लागतो, तर कल्याणाहून एक तास किंवा त्याहून थोडा अधिक. म्हणजे भेद वीस-पंचवीस मिनिटांचा. आतां घोडबंदर रस्त्यावर, कासारवडवलीस घर घेणाऱ्याचा विचार करावा. त्याचा पत्ता ठाण्याचा, भाडेंहि ठाण्याचें. परंतु स्टेशन आठ-दहा किलोमीटर दूर, आणि मधला रस्ता गुजरातकडे जाणाऱ्या अवजड मालमोटारींचा. तो बसमध्यें अडकून पडला असतां, कल्याण पश्चिमेस स्टेशनापासून दहा मिनिटांच्या पायवाटेवर राहणारा गृहस्थ गाडींत चढून ठाणें ओलांडूनहि गेलेला असतो. दाराच्या कुलपापासून कचेरीच्या दारापर्यंत रोज एक तास अधिक खर्च झाला, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांचा हिशेब धरून अकरा महिन्यांच्या करारांत २७५ तास होतात. हे अकरा अहोरात्रांहून अधिक भरतात. भाड्यांत वांचलेले पैसे या आंकड्याशेजारीं मांडून पाहावे.

यावरून घोडबंदरची वस्ती त्याज्य ठरते असें मात्र नाहीं. ज्याची नोकरी ठाण्यांतच आहे किंवा बोरिवलीच्या बाजूस आहे, त्यास येऊरच्या डोंगराच्या सावलींतील तीं नवीं घरें उत्तम. मुलांस खेळावयास अंगण मिळतें, म्हाताऱ्या माणसांस लिफ्ट मिळते. फक्त पाण्याची चौकशी करावी, आणि ती दलालाकडे न करतां सोसायटीच्या रखवालदाराकडे करावी. उन्हाळ्यांत टँकर किती येतात व त्यांचा खर्च कोणावर पडतो, हें त्याच्याइतकें नेमकें दुसऱ्या कोणास सांगतां येत नाहीं.

घड्याळाच्या जोडीला गर्दीचा हिशेब येतो. डोंबिवलीचा प्रवासी सकाळीं बसावयास जागा मिळावी म्हणून उलट कल्याणाकडे जाणाऱ्या गाडींत बसतो आणि तीच गाडी परत फिरली कीं मुंबईस येतो. घरून निघण्याची त्याची वेळ त्यामुळें आणखी अलीकडे सरकते. जो असें करीत नाहीं, तो दारांत लोंबकळतो. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च गाड्या एकमेकींशेजारून जात असतां दारांतले प्रवासी रुळांवर पडून मृत्यु पावले. घर पसंत करण्याच्या प्रश्नांत या घटनेचा संबंध काय, असें ज्यास वाटेल, त्यानें सोमवारीं सकाळीं आठ वाजतां त्याच स्टेशनावरून एकदां कचेरीस जाऊन पाहावें. रविवारीं दुपारीं घर दाखविण्याचा प्रघात दलालांस फार सोयीचा आहे. त्या वेळीं स्टेशन मोकळें, रस्ता मोकळा, आणि पाण्याची टाकीहि बहुधा भरलेली असते.

जे मार्ग अजून व्हावयाचे आहेत, त्यांच्या नांवानें अधिक भाडें देणें शहाणपणाचें नव्हे. ठाणें–भिवंडी–कल्याण मेट्रोचें भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजीं झालें. त्यानंतर कित्येक वर्षें कल्याणकरांचा दिवस लोकलच्याच वेळापत्रकानें बांधलेला राहिला. उलट, जें काम पुरें झालें त्याचा लाभ अवश्य जमेस धरावा. मोठागांव–माणकोली पूल २०२४ सालीं खुला झाल्यापासून डोंबिवली पश्चिमेहून खाडी ओलांडून ठाण्याकडे मोटारीनें जाणें पूर्वीपेक्षां बरेंच जवळचें झालें आहे.

पूर्व कीं पश्चिम, हा या शहरांतला जुना वाद. नवख्या माणसास तो वृथाभिमानाचा वाटतो. परंतु लोहमार्गानें दुभंगलेल्या गांवांत त्यास अर्थ आहे. डोंबिवलीचा कोपर पूल २०१९ सालीं वाहतुकीस बंद झाला तो २०२१ सालीं उघडला. तोंपर्यंत पूर्व-पश्चिम जाणाऱ्या वाहनांचा सारा भार ठाकुर्लीच्या पुलावर पडला होता. ज्या घरांतील मूल एका बाजूच्या शाळेंत आणि आजीचा दवाखाना दुसऱ्या बाजूस, त्या घरानें हीं दोन वर्षें कशीं काढलीं असतील याची कल्पना करावी. म्हणून शाळा, दवाखाना आणि भाजीबाजार हीं तिन्ही बिऱ्हाडाच्याच बाजूस असावींत.

ज्या कुटुंबांत वडील माणसें दिवसभर घरीं असतात, त्यांनीं आणखी एक गोष्ट पाहावी. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचें, कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासूनचें. नौपाड्यांतून निघून गोखले रस्त्यानें तलावपाळीपर्यंत पायीं जावें, गडकरी रंगायतनाच्या फलकावर नाटकांचीं नांवें वाचावींत व परत यावें, हा ज्यांचा संध्याकाळचा परिपाठ, त्यांस दोन खोल्या अधिक मिळाल्या तरी दूरच्या वसाहतींत करमत नाहीं. डोंबिवलींत हेंच स्थान टिळकनगर व फडके रस्त्याच्या परिसरास आहे. दिवाळीच्या पहांटे तेथें लोटणारी तरुणांची गर्दी पाहिल्याखेरीज तें कळावयाचें नाहीं. या जुन्या वस्त्यांतून जागा लहान आणि भाडें मोठें. पण कोणी आजारी पडलें तर दार ठोठावावयास शेजारी असतो.

परंतु जुनी वस्ती म्हटली कीं जुन्या इमारतीहि आल्या. ऑगस्ट २०१५ मध्यें नौपाड्यांतील एक जुनी इमारत पहांटे कोसळून बारा माणसें दगावलीं; त्याच्या आदल्याच आठवड्यांत ठाकुर्लीसहि तसेंच घडलें होतें. नवी इमारत म्हणजे निर्धास्त, असेंहि समजूं नये. ४ एप्रिल २०१३ रोजीं शीळफाट्यानजीक कोसळलेली इमारत पुरी बांधूनहि झाली नव्हती. तींत ७४ जीव गेले. डोंबिवली परिसरांत खोट्या परवानग्यांच्या जोरावर उभ्या राहिलेल्या ६५ इमारतींनीं तर महारेराचीं नोंदणीपत्रेंहि मिळविलीं होतीं. नोव्हेंबर २०२४ मध्यें उच्च न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला, तेव्हां आंत राहणाऱ्या कुटुंबांस आपल्या घराची खरी जात समजली. भाडेकरूची रक्कम बुडत नाहीं हें खरें, पण भर वर्षांत मुलांची शाळा चालू असतां बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग त्यावरहि येतोच. घरपट्टीची पावती हा इमारत कायदेशीर असल्याचा पुरावा नव्हे. बेकायदा बांधकामासहि कर लागतो. मागावयाचें तें महानगरपालिकेचें भोगवटा प्रमाणपत्र, आणि तें दाखविण्यास मालक टाळाटाळ करूं लागला तर तेवढ्यानें उत्तर मिळालें असें समजावें.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगतचा निवासी भाग रुंद रस्त्यांचा व झाडांचा आहे. मन ओढून घेतो. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजीं तेथील रासायनिक कारखान्यांत झालेल्या स्फोटांनीं दूरदूरच्या घरांच्या कांचा फुटल्या, हें लक्षांत ठेवून मगच त्या बाजूस वळावें. तसेंच कल्याणांत वालधुनीच्या कांठीं किंवा खाडीलगत तळमजल्याची जागा दिसली, तर २६ जुलै २००५ रोजीं पाणी कोठवर चढलें होतें, हें शेजाऱ्यास विचारावें. नवा रंग दिलेल्या भिंतीवर ती खूण दिसत नाहीं.

घर ठरल्यावर करार राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणें घर भाड्यानें अथवा लीव्ह अँड लायसन्सवर देण्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पुष्कळ मालक थोडें भाडें कमी करतों, नोंदणी नको, असें सुचवितात. असा करार नसेल आणि वाद उत्पन्न झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य धरावें, असें तेंच कलम सांगतें. कसूर करणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. नोंदणी नको म्हणणाऱ्या मालकांपैकीं फार थोड्यांनीं हें कलम वाचलेलें असतें.