प्राणिपेशीची प्रतिकृती

दिल्ली व तिच्या आसपासच्या शहरांत शालेय विज्ञान-प्रदर्शनांचे दिवस आले की प्राणिपेशीची एक ठरावीक प्रतिकृती हमखास पाहावयास मिळते. थर्मोकोलचा अर्धगोल, त्याला रंगवलेली जाड कड, मध्यभागी केंद्रकाचा गोळा आणि भोवती तीन-चार तंतुकणिका. ती सुबक असते, नावेही बिनचूक लिहिलेली असतात; परंतु पेशीविषयी जी समजूत तिच्यामुळे मुलाच्या मनात रुजते, ती बरीचशी चुकीची असते. चूक होते ती प्रमाणात. (सजावटीच्या थर्मोकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, तेव्हा वेगळे साहित्य शोधण्यास तेही एक निमित्त आहेच.)

यकृताची पेशी घेऊ. तिचा व्यास सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या लांबीत अशा पन्नास पेशी ओळीने बसतील. ती दहा हजार पटींनी वाढवली की २० सेंटिमीटर व्यासाचा गोल होतो. आता बाकीचे सारे याच पटीने वाढवावे. केंद्रक टेनिसच्या चेंडूएवढे होते. तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारी अंगके, राजम्याच्या दाण्याएवढी होतात. पण ती तीन-चार नसतात. यकृताच्या एका पेशीत त्यांची संख्या एक ते दोन हजारांपर्यंत असते. आणि ती जाड कड? पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल दहा हजार पटींनी वाढवूनही मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी जाडीचे, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीइतके पातळ भरते.

अशी प्रतिकृती घरी करता येते. २० सेंटिमीटर व्यासाचे गोल बुडाचे पातेले घ्यावे व त्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी पसरावी, हेच प्रद्रव्यपटल. दोन लिटर पाण्यात वीस-पंचवीस ग्रॅम चायना ग्रास उकळून विरघळवावे. हे काम मोठ्यांनी करावे. जिलेटिनही चालते, पण ते प्राणिज असल्याने अनेक घरांत वर्ज्य असते, शिवाय दिल्लीच्या उन्हाळ्यात ते पाघळते. समुद्रशैवालापासून केलेले चायना ग्रास एकदा गोठले की जून महिन्यातही टिकून राहते. मिश्रण कोमट झाल्यावर थराथराने ओतावे आणि प्रत्येक थर आळू लागला की त्यावर राजमा पसरावा. सारे एकदम ओतल्यास दाणे तळाशी बसतात. अर्ध्या गोलासाठी पाचशे दाणे तरी हवेत. जम्मूचा बारीक राजमा घेतल्यास ते पाव किलोच्या आत बसतात, आणि हा दाणा ओलाव्याने फुगला तरी प्रमाण फारसे बिघडत नाही. (कच्चा राजमा पोटास अपायकारक असतो, हे लहानांना बजावून ठेवावे.) शेवटच्या थरात चेंडू अर्धा बुडेल असा दाबून बसवावा आणि त्याला लागून मलमलीची चुणीदार पट्टी खोवावी. ती आंतर्द्रव्यजालिका.

मोजणी मुलांनाच करू द्यावी. पाचशे दाणे हाताने मोजून टाकणाऱ्या मुलाला पेशी ही मोकळी पिशवी नसून गजबजलेली जागा आहे हे निराळे सांगावे लागत नाही.

तरीही काही गोष्टी या प्रतिकृतीत मावत नाहीत. प्रथिने घडवणारे रायबोसोम या प्रमाणात बारीक रव्याच्या कणाएवढे होतात, पण त्यांची संख्या लाखांच्या घरात असते आणि तेवढा रवा घातल्यास सारे गढूळ होईल. केंद्रकातील डीएनएची गोष्ट त्याहून नवलाची आहे. माणसाच्या एका पेशीतील डीएनएचे सारे धागे टोकाला टोक जोडून ताणले तर सुमारे दोन मीटर भरतात. दहा हजार पटींनी तो धागा होतो वीस किलोमीटर लांब, लाल किल्ल्यापासून जवळजवळ गाझियाबादपर्यंत पोहोचणारा, आणि केसाहूनही बारीक. तो सगळा त्या एका चेंडूत गुंडाळलेला असतो.