राजगुरूचा डोळा आणि काकासाहेबांचं घड्याळ

देहूरोड स्टेशनावर उतरणाऱ्या अनेकांना तुकोबांच्या देहूला जायचं असतं. पण १९३६ च्या ‘संत तुकाराम’मधलं देहू उभं राहिलं ते याच लोहमार्गाने पुढे गेल्यावर, पुण्याच्या प्रभात स्टुडिओत. आज तिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे. भक्तिपटासाठी गाजलेल्या या आवारात प्रेक्षकाचा श्वास रोखून धरण्याचेही प्रयोग झाले.

पहिला ‘अमृतमंथन’चा, १९३४ चा. राजाने बळी देण्याची प्रथा बंद केली म्हणून राजगुरू त्याच्या खुनाचा कट रचतो. दिग्दर्शक व्ही. शांताराम नुकतेच ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी जर्मनीला जाऊन आले होते, येताना टेलिफोटो लेन्स घेऊन. त्यांनी राजगुरूचा एकच डोळा पडद्यावर भरून दाखवायचं ठरवलं. ही लेन्स लांबचं जवळ ओढते, पण तिची खोड अशी, की फोकसमध्ये राहायला जागा जेमतेम. मान तसूभर पुढेमागे झाली की डोळा धूसर. त्यात तेव्हाच्या फिल्मला उजेड भरपूर लागे. म्हणजे झोत अंगावर घेऊन नटाने पुतळ्यासारखं बसायचं! हिंदी आवृत्तीत तो डोळा चंद्रमोहनचा. बाकीचा चेहराच दिसत नाही, त्यामुळे हा माणूस संतापलाय की मनात हसतोय, काही कळत नाही. आपण त्या बुबुळावर खिळून राहतो.

मराठी आवृत्तीतले राजगुरू केशवराव दाते. हेच दाते १९३७ च्या ‘कुंकू’त म्हातारे नवरदेव काकासाहेब झाले. दुसरा प्रयोग याच सिनेमातला. केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार घरचा असताना शांतारामांनी पार्श्वसंगीत सरळ वगळलं. ठेवले ते प्रसंगातच उपजणारे आवाज. व्हायोलिन वाजलं की आता घाबरायचं की रडायचं, हे प्रेक्षकाला आयतं कळतं. ती सूचनाच काढून घेतल्यावर तो स्वतः कान देऊ लागतो, आणि भिंतीवरचं जुनं घड्याळ काकासाहेबांचं उरलेलं आयुष्य मोजतंय असं वाटू लागतं.

‘तुंबाड’ (२०१८) पाहताना काहीतरी हातचं राखून ठेवण्याची हीच युक्ती ओळखू येते. सासवडच्या जुन्या वाड्यात चित्रित झालेल्या या सिनेमात दिग्दर्शक राही बर्वे आणि छायालेखक पंकज कुमार यांनी बराच अंधार तसाच राहू दिला. कंदिलाचा उजेड पोचतो तेवढंच दिसतं, आणि पलीकडे काय आहे याचा हिशेब प्रेक्षकाने करायचा. तो हिशेब दिग्दर्शकाच्या कल्पनेपेक्षा बहुधा जास्तच भीतिदायक निघतो.